गच्चीवरचा काकूंचा कोपरा

सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनल बसवायचे ठरले, तेव्हा सेक्रेटरी म्हणून मी यादी केली : टाक्या, अँटेना, कठड्याची उंची, सावली कुठून कुठपर्यंत येते. कुळगावातली आमची इमारत चार मजल्यांची. लिफ्ट आणि पाण्याचा पंप उन्हावर चालावा, एवढीच अपेक्षा. जानेवारीत पॅनल बसले. मोबाइलवर वीजनिर्मिती दिसायची आणि मी ती दिवसातून चारदा बघायचे.

एप्रिलमधल्या एका लख्ख दुपारी आकडा एकदम अर्ध्यावर आला. धूळ, कबुतरं, सैल वायर अशी कारणं लिहून घेऊन मी वर गेले. दोन पॅनलांवर जुनं सुती लुगडं अंथरून कुरडया घातलेल्या. शेजारी छत्री धरून तिसऱ्या मजल्यावरच्या काकू.

"काकू, अहो हे काय?"

"कुरडया. खाली उरलेल्या जागेत टाकीची सावली येते. ऊन सगळं तुझ्या काचांनी घेतलं."

"एकावर सावली आली तरी सगळी लाइन ढेपाळते हो."

"आणि तीन दिवस भिजवलेल्या गव्हाच्या कुरडया न वाळता आंबल्या तर? तुझी लाइन खाणार का? एवढी यादी केलीस, त्यात माझा कोपरा कुठे होता?"

नव्हता. यादी हिवाळ्यात केलेली, तेव्हा गच्ची रिकामी होती. त्या कोपऱ्यातल्या कुरडया मी स्वतः दर वर्षी डबाभर नेते, तरी सुचलं नाही.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "या शेवटच्या."

ते मला लागलं. पॅनल बसवणाऱ्या, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंधी कंत्राटदाराला मी बोलावलं. दोन पॅनल लिफ्टच्या खोलीवर हलवायचे, याचे मुद्दे तयार ठेवले होते. त्याने कुरडया बघितल्या आणि मला दुसऱ्या मुद्द्यापर्यंतही जाऊ दिलं नाही.

"मॅडम, पापडाची जागा मी खाल्ली हे मम्मीला कळलं तर घरात घेणार नाही. परसों हलवतो."

हलवले. काकूंचा कोपरा परत उन्हात आला. आता गहू भिजवण्याआधी त्या मला विचारतात, "तुझा मोबाइल काय म्हणतो, ऊन कसं आहे?" मी आकडा सांगते. मग त्या खिडकीतून आभाळ बघतात आणि स्वतःच्याच मताने गहू भिजवतात.

गच्चीच्या यादीत पहिली ओळ आता काकूंची आहे.