वरपक्षाची कमेंट

"तू मुलीकडचा हायस का?" मायाप्पांनी फोनवर पहिलाच प्रश्न हा विचारला. मागं मांडवातली गडबड ऐकू येत होती. कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"नाही बापू, मी सांगलीच्या ऑफिसातून बोलतोय. मंचाचा अ‍ॅडमिन."

"मग त्यांचं ठेवलंस आणि आमचं उडवलंस, ते कुणाच्या सांगण्यावरनं? पाव्हणं बसल्यात. ह्याचा उलगडा झाल्याबिगर अंगठी निघत न्हाई."

एक बटण दाबून मी एक साखरपुडा थांबवला होता. माझ्या नोकरीत एवढी ताकद आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमचे सासरे चारचौघांत सांगतात, जावई कॉम्प्युटरवर भांडणं मिटवतो. त्यांना अर्धंच माहीत आहे.

आमचा मंच म्हणजे मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्यांची वेबसाइट. एकजण प्रश्न टाकतो, बाकीचे खाली उत्तरं देतात. त्या अख्ख्या लडीला थ्रेड म्हणायचं. काही वर्षांपूर्वी एका नवख्यानं विचारलं होतं, 'मेंढ्या ज्वारीच्या कापलेल्या रानात शिरल्या, कोवळा फुटवा खाल्ला, आता थरथरतायत, काय करू?' त्या फुटव्यात विष असतं. जनावर पडलं की लोक म्हणतात, किराळ लागली.

पहिलं उत्तर आटपाडीच्या मायाप्पांचं: 'काय होत न्हाई. ताक पाजा, सावलीला बसवा.' दुसरं जतच्या बिरूअण्णांचं: 'मायाप्पा, तुझ्या मेंढ्या तुझ्यापेक्षा शाण्या हायत म्हणून जगल्यात. ताक कसलं पाजतोस? कळप आधी रानातनं बाहेर काढा आणि जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. ह्याच्यावर इंजेक्शन हाय, पण येळ न्हाई.' त्यावर मायाप्पा: 'जतच्या माणसानं शाणपण शिकवू नये. गावाला पाण्याचा टँकर आला का, तेवढं बघावं.'

म्हणजे खरा सल्ला होता, पण तो शिवीच्या पोटात होता. आमच्याकडे बहुतेक सल्ले तिथंच सापडतात.

पुढं बाहेरच्या जगाला हा थ्रेड फार आवडला. एका कॉलेजनं आपल्या साइटवर लिंक दिली, वर शीर्षक 'तज्ज्ञांची चर्चा'. एका पेपरच्या वेब आवृत्तीनं दिली. एका दवाखान्यानं भिंतीवरच्या माहितीफलकावर छापली. आम्हाला कुणी विचारलं नाही. तज्ज्ञांनाही विचारलं नाही.

मग एके दिवशी बिरूअण्णांचा फोन आला.

"ती किराळीची चर्चा उडवा सायेब."

"का हो? लय लोक वाचतात."

"तेच तर. माझ्या पोरीची सोयरीक मायाप्पाच्या पोराशी ठरतीया. त्यो इसरला आसंल. कुणी काढून दावलं तर?"

मी थ्रेड डिलीट केला. डिलीट म्हणजे जाळणं नव्हे, माळ्यावर टाकणं. बाहेरून बघणाऱ्याला 'पान सापडले नाही' एवढंच दिसतं.

पुढं ज्वारी निघाली आणि तक्रारी सुरू झाल्या. दवाखान्यातून फोन, कॉलेजातून मेल. देशमुख मॅडम, म्हणजे माझ्या बॉस, केबिनबाहेर आल्या.

"लोक आपल्याकडे बोट दाखवतायत आणि तिथं खड्डा आहे. थ्रेड रिस्टोर करा."

"मॅडम, लिहिणाऱ्यानंच काढायला लावलाय."

"बाहेर एवढ्या लिंका असताना तो एकट्याचा राहतो का?"

मी बिरूअण्णांना विचारलं. ते म्हणाले, "लिवलं मी. बाहेरच्यानं लिंक टाकली म्हणून माझं त्याचं झालं व्हय? उद्या माझ्या दाराला कुणी म्हस बांधली तर दार त्याचं का?"

दोघांचंही मला पटलं. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी मधला मार्ग काढला आणि त्याला 'संपादित रिस्टोर' असं नावही दिलं. अण्णांचा सल्ला ठेवला, त्यातली मेंढ्यांची अक्कल काढली. मायाप्पांचं ताक चुकीचं, म्हणून उडवलं. टँकर अपमानकारक, म्हणून उडवला. थ्रेड असा गोड झाला की मीच दोनदा वाचला.

दोन गोष्टी राहिल्या. थ्रेड परत आला की त्यात लिहिलेल्या सगळ्यांच्या मोबाइलवर सूचना जाते. ही सोय मीच हट्टानं मागून घेतली होती. दुसरं, साखरपुडा कधी हे मी विचारलं नव्हतं.

"पोरानं सगळ्या पाव्हण्यांम्होरं मोठ्यानं वाचलं," मायाप्पा सांगत होते. "बिरूचं हाय. माझं नाव बी न्हाई. नवऱ्याच्या बापाला पुसून मुलीच्या बापाला गुरुजी केलास तू. ह्यो कुठला मानपान?"

"बापू, अण्णांनी तुम्हाला जे म्हटलं होतं तेही मी काढलंय."

"ते मला पाठ हाय. तोंडावर बोलतोय म्हणून तर सोयरीक केली. ते बी टाक आणि माझं बी टाक."

"तुमचा ताकाचा सल्ला चुकीचा होता, बापू. कुणी वाचून तसंच केलं तर मेंढ्या जातील."

 मग फोन हिसकावल्याचा आवाज, आणि बिरूअण्णा.

"सायेब, टाका समदं. मेंढ्याची अक्कल बी टाका. माझी पोरगी कवापासनं ताटकळत बसलीया."

मी सगळं जसंच्या तसं परत आणलं. पुन्हा सूचना गेल्या. मोबाइल हातात धरून बसलो. मॅडम माझ्यामागं उभ्या राहून ताकाकडे बघत होत्या. "हे असंच ठेवणार तुम्ही?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात थ्रेडमध्ये मायाप्पांच्या नावानं नवी ओळ उमटली:

'ताकाचं माझं चुकलं. टँकरचं बरोबर हाय.'

तिच्याखाली बिरूअण्णा: 'अंगठी घातली. आता टँकर आला का बघायला जातो.'

आता सगळ्या लिंका चालतात. कॉलेजच्या साइटवर शीर्षक अजून 'तज्ज्ञांची चर्चा' असंच आहे. विद्यार्थी येतात, किराळ शिकतात, वर दोन टोमणे फुकट नेतात.

मॅडमनी मला नवं धोरण लिहायला सांगितलं. मी बरीच पानं लिहिली; त्यांनी सगळी परत दिली. मला कळलेलं एवढंच: उडवायचं तर पंगतच उठवावी, आणि परत बसवायची तर सगळ्यांना बसवावं. मधूनच एकाचं ताट उचललं, की अन्न वाया जात नाही, अ‍ॅडमिन जातो.

लग्नाला मी गेलो होतो. दोन्हीकडच्या पंगतींना जेवलो.