पूजेबाहेरची पेटी

मला गॅरेजात कुणी पाठवलं नव्हतं, मी स्वतःहून गेले. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर बरेच जण म्हणाले की घरात भागत नसेल, नवऱ्याने लावलं असेल कामाला, बिचारी. बिचारी वगैरे काही नाही. मला राग आला होता म्हणून मी मिस्त्रीकाम शिकले.

राग साधाच होता. मी आमच्या माले गावाहून नेऱ्याला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकाला जायचे, माझ्या स्वतःच्या स्कूटरवर. गाडी जुनी. रस्त्यात कुठेही बंद पडायची. ढकलत ढकलत गॅरेज गाठावं, तर मिस्त्रीचा पहिला प्रश्न, "मालक कुटं हायेत?" गाडी माझी, बंद पडली माझ्या हातात, बंद पडण्याआधी कसा आवाज करत होती ते मला ठाऊक, आणि हा माणूस फोन लावून माझ्या नवऱ्याला विचारणार की नेमकं झालंय काय. नवरा तिकडून म्हणायचा, "तिलाच विचारा की." मग मिस्त्री माझ्याकडे न बघता स्कूटरकडे बघायचा. असं तीन वेगवेगळ्या गॅरेजांत झालं तेव्हा मी ठरवलं की पुढच्या वेळी ही गाडी मीच उघडायची.

पिरंगुटच्या पुढे दुचाकी आणि छोटी इंजिनं दुरुस्त करायला शिकवणारा एक वर्ग होता. गवत कापायचं यंत्र, फवारणीचा पंप, विहिरीवरचा पंप, सगळं शिकवायचे. पहिल्या दिवशी दारातल्या माणसाने मला शिवणाचा वर्ग वरच्या मजल्यावर असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, मला इंजिन शिवायचंय. वर्गात मी एकटीच बाई. पोरं सुरुवातीला खुदुखुदु हसायची, मग पिस्टनच्या कड्या चढवताना त्यांच्या तुटल्या आणि माझ्या नाही तुटल्या, तेव्हा जवळ येऊन बघायला लागली. मला ते काम आवडलं. मनापासून आवडलं. उघडलेलं इंजिन समोर असलं की मला घरातलं काही आठवत नसे.

वर्ग संपल्यावर मी कॅन्टीन सोडलं आणि पौडला एका गॅरेजात शिकाऊ म्हणून लागले. तिथला उस्ताद वयाने माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणायचा. हात सोन्याचा. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. लोक काय म्हणतील याची त्याला इंजिनातल्या खडखडाटापेक्षा जास्त धास्ती. पावसाळाभर त्याने मला चेन धुवायला, पंक्चर काढायला आणि एअर फिल्टर झटकायला ठेवलं. इंजिनाला हात लावू देईना. विचारलं की म्हणायचा, "दसरा होऊ दे ताई, मग बघू." आता चेन धुऊन कुणी मिस्त्री होत नाही. आमच्या धंद्यात इंजिन उघडू दिलं तर तुम्ही मिस्त्री, नाही तर म्हातारे होईपर्यंत फडकं हातात. मला ते इंजिन हवं होतं, आणि दसऱ्याला तो काय म्हणतो त्यावर माझं सगळं अडकलं होतं. तोवर मी आपली स्वतःची पान्यांची पेटी घेऊन ठेवली होती, पत्र्याची, लाल.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि एकदा पूजेला लागलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत उचलायचं नाही, असा आमच्याकडे कडक रिवाज. गॅरेजात दोन टायरवर फळी टाकून त्यावर लाल कापड अंथरलं होतं. पाने, पकडी, हातोड्या, हवेचा पंप, सगळं ओळीने मांडलेलं, वर झेंडू, मधे कलशावर नारळ. पूजेला उस्तादाची आई यायची. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीपण. मी माझी पेटी फळीच्या टोकाला ठेवायला गेले तर मावशींनी हात आडवा घातला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाय, अडचण तर न्हाई ना तुजी?"

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. आमच्या आळीतल्या निम्म्या बाया गणपतीत, लग्नात, सगळीकडे नाही म्हणून मोकळ्या होतात आणि काही बिघडत नाही. पण तो प्रश्न तिथल्या एकाही पुरुषाला विचारला नव्हता की बाबा, तू रात्री काय पिऊन आलास. माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "हाय की."

"मग हितं कशाला आलीस गं? हो बाहेर. अन् ती पेटी बी ने."

ती सगळी हत्यारं आदल्या दिवशी रॉकेलने घासून लख्ख मीच केली होती, आणि माझे दिवसही आदल्या दिवशीच सुरू झाले होते. हे मी बोलले नाही. बोलले असते तर नारळाच्या आधी मावशीच फुटल्या असत्या. उस्तादाकडे बघितलं तर तो झेंडूची फुलं सरळ करत होता. मी पेटी उचलली आणि बाहेर रस्त्याच्या कडेला जांभळाखाली जाऊन बसले. घरी गेले नाही. जायला सांगितलंही नव्हतं कुणी. रडू येत होतं, पण ते रागाचं होतं, म्हणून गिळलं.

आरती झाली, प्रसाद झाला, मला बाहेर आणून दिला. मी खाल्ला. शिऱ्यावर माझा राग नव्हता.

तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. मागे मळणीचं यंत्र, त्याच्यावर पेट्रोलचं इंजिन. सोबत आमच्या मालेकडचाच एक म्हातारा शेतकरी. त्याचं हळवं, लवकर पिकणारं भात कापून खाचरात पडलं होतं, मळणीला माणसं उभी होती आणि इंजिन चालू होईना. उस्ताद दारात आला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, आज खंडेनवमी. हत्यार पूजेला लागलंय. उद्या सांजच्याला आणा."

"उद्या?" म्हातारा म्हणाला. "जरा वर बघ की."

ताम्हिणी घाटाच्या बाजूने आभाळ काळं होऊन चढत होतं. परतीचा पाऊस आमच्याकडे विचारून येत नाही. उस्तादाने दुसऱ्या दोन गॅरेजांना फोन लावले. तिथेही तेच. सगळ्या पौडात त्या वेळी एक पाना मोकळा नव्हता.

मी उठले. "माझी पेटी पूजेत न्हाई," मी म्हटलं.

आतून मावशी ओरडल्या, "इटाळाची हाय ती!"

म्हाताऱ्याला काही कळेना. तो म्हणाला, "कसला इटाळ?" मी त्याला सरळ सांगितलं. टेम्पोवाला दुसरीकडे बघायला लागला. म्हातारा मात्र माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने पुन्हा आभाळाकडे बघितलं. "भाताला मोड आल्यावर इटाळ कुटं शोधत बसू? चल बाय, बघ तू."

उस्ताद जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, इंजिन उघडू नगस. जमलं न्हाई तर नाव माझं जाईल."

"तुमचं दुकान आज बंद हाय," मी म्हटलं. "मी रस्त्यावर बसलेली बाई हाय."

प्लग काढला. कोरडा ठणठणीत, म्हणजे पेट्रोल वरपर्यंत येतच नव्हतं. कार्बोरेटर उतरवला, खालची वाटी उघडली. गेल्या सुगीचं पेट्रोल तसंच ठेवलेलं, त्याचा काकवीसारखा चिकटा झाला होता. "वर्षभर टाकीत पेट्रोल ठिवलं का बाबा?" विचारलं तर म्हणाला, "ठिवलं की. टाकून कोण देतंय?" टाकी रिकामी केली. जेट, म्हणजे पेट्रोल यायची बारीक भोकाची पितळी नळी, काढून वायरीतल्या एका बारीक तारेने मोकळा केला, उजेडाकडे धरून बघितला, सगळं धुऊन परत बसवलं. माझ्या स्कूटरमधून ताजं पेट्रोल काढून भरलं आणि दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन भडाडलं. म्हातारा हसला. आणि जरा वेळाने इंजिन आचके देत बंद पडलं.

पुन्हा ओढलं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. उस्ताद उंबऱ्यावर हात मागे बांधून उभा होता. त्याला येऊन हात घालावासा वाटत होता, ते त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. मावशी त्याच्या मागे. इथे हरले तर जन्मभर पंक्चर. मी घाबरले होते, ते कशाला लपवू.

मग विचार केला. चालू होतंय म्हणजे पेट्रोल येतंय. बंद पडतंय म्हणजे यायचं थांबतंय. टाकीचं झाकण जरासं सैल केलं, तर आत हवा ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला. झाकण काढून उलटं केलं. हवा जायचं जे बारीक भोक असतं, ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही, आणि त्यात कुंभारीण माशीने मातीचं घर करून ठेवलं होतं. सेफ्टी पिनेने ती माती उकरली, फुंकर मारली, झाकण लावलं आणि दोरी ओढली. इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं. मी मुद्दाम ते बराच वेळ बंद केलं नाही. आत मावशी काही तरी बोलत होत्या, ते त्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

म्हातारा टेम्पोत चढताना म्हणाला, "येतो गं मिस्त्री." चेष्टेने म्हणाला की खरंच, कोण जाणे. मला फार बरं वाटलं. अंधार पडायच्या सुमाराला पाऊस कोसळला, तोवर त्याचं भात घरात गेल्याचं दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याकडून कळलं.

टेम्पो गेल्यावर उस्तादाने आईला गाडीवर बसवलं आणि तो घरी गेला.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी गॅरेजात गेले. कुणी ये म्हणालं नव्हतं, नको असंही नव्हतं. मावशींनी नुकतीच पूजा हलवली होती, हत्यारं अजून लाल कापडावरच होती. कोपऱ्यात एका दूधवाल्याची मोटारसायकल उभी होती. धूर ओकते म्हणून दसऱ्याआधीच येऊन पडली होती, तिचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचं होतं. मी पेटी खाली ठेवली. उस्तादाने मला आपट्याचं पान दिलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, ह्या गाडीचं हेड तू उतरव. आजपास्नं इंजिनाला बस."

मी पेटीचं झाकण उघडायला वाकले. मग तो पुढे म्हणाला, "फकस्त एक हाय. आई म्हनतीया, दर म्हैन्याला ते दिवस आले की आदी सांगायचं अन् घरी ऱ्हायचं. हत्याराला शिवायचं न्हाई. बाकी इंजिन तुजंच."

मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटत होतं की खूप दिलं. आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही तसंच वाटलं. हो म्हणावं, इंजिन घ्यावं, पुढचं पुढे. पावसाळाभर मी याच शब्दांची वाट बघितली होती. पण मग डोळ्यांसमोर आलं की दर महिन्याला मी या दारात उभी राहून सांगतेय, आणि एखादी गाडी अर्धी उघडी टाकून घरी जातेय, आणि गिऱ्हाईक विचारतंय की ताई कुठं गेल्या.

"सांगणार न्हाई," मी म्हटलं.

"म्हंजी?"

"म्हंजी कुणालाच सांगणार न्हाई. काल सांगितलं ते शेवटचं. आज माझा तिसरा दिवस हाय, तेवढं अजून ऐकून ठिवा. उतरवू का हेड, का जाऊ?"

माझी पेटी माझ्या पायाशी होती आणि तिच्यात पाने होते. तरी मी मुद्दाम फळीकडे गेले. मावशी "अगं, अगं" म्हणत पुढे सरकल्या. मी हात घातला आणि उस्तादाचा दहाचा पाना उचलला. त्याला हळदीकुंकू लागलं होतं, हातात निसटत होता, म्हणून ओढणीला पुसला. मग गाडीपाशी जाऊन स्टूल ओढून बसले. उस्तादाने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पान्याकडे.

"हेडला दहाचा बसत न्हाई," तो म्हणाला. "बाराचा घे. नारळामागं हाय."