नलूताईंचं नाक

नलूताई आमच्याकडे आल्या की उंबऱ्यातच थांबायच्या. चपला काढायच्या आधी मान किंचित वर करून एक लांब श्वास घ्यायच्या आणि माझ्या घरात काय चाललंय ते मलाच सांगायच्या. "विमल, फोडणीत मेथी जास्त पडली बघ." "सकाळी दूध उतू गेलं ना? ओटा पुसलास, पण बर्नरखाली राहिलंय." एकदा तुमचे आजोबा नुकतेच कचेरीतून येऊन टेकले होते, तर त्यांना म्हणाल्या, "भावजी, वाटेत भजी खाल्लीत. तेल काही ताजं नव्हतं हो." आजोबा मुकाट्याने पाणी प्यायले.

आर्या, निहार, तुम्ही तिकडे लांब वाढलात, त्यांना पाहिलेलं नाही. डोंबिवलीत कोपरच्या बाजूला आपलं घर आहे ना, त्याच्या बरोब्बर समोरचं दार त्यांचं. सत्तावीस वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो. गेल्या महिन्यात त्या गेल्या, झोपेतच. वय झालं होतं, त्यामुळे कोणी फार हळहळलं नाही. मला मात्र ते तसं सोडून देता आलं नाही, कारण त्यांची एक गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही आणि तिच्यात माझाही हात आहे. शिवाय मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता आर्याने नाकात स्प्रे फुस्स केला आणि बाटली सवयीने लॅपटॉपशेजारी ठेवली. ते पाहून ठरवलं, आता लिहायचंच.

नलूताई चकलीची भाजणी करून द्यायच्या. यजमान अचानक गेले, मुलगा प्रशांत तेव्हा कॉलेजात होता, त्या वर्षी त्यांनी हे सुरू केलं. दिवाळीच्या आधी महिनाभर त्यांच्या घरात चादरींवर धुतलेले तांदूळ आणि डाळी सुकत पडलेल्या असायच्या. कल्याणहून, ठाण्याहून बायका डबे घेऊन यायच्या. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, मंद आचेवर, आणि कुठे थांबायचं ते वासावर ठरवायचं. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, वहीत नोंद केल्याशिवाय मला चैन पडत नसे. एकदा वही-पेन घेऊन त्यांच्या ओट्याशी उभी राहिले आणि विचारलं, "तांदूळ किती मिनिटं भाजायचे?"

त्या हसल्याच. "नाकाला विचार गं. घड्याळाला काय कळतंय! तांदूळ आधी ओल्या भिंतीसारखा वास देतो, मग गोडसर येतो, आणि मग एक क्षण असा येतो की सुकं खोबरं भाजल्यासारखं वाटतं. तेव्हा उतरवायचा. त्याच्यापुढे गेला की चकली कडवट." मी वही मिटली.

मग एका ऑक्टोबरात आपल्या गल्लीतला रस्ता खणला. धूळ घराघरात येऊन बसली आणि नलूताईंचं नाक बंद झालं. वाफारे झाले, ओवा झाला, लेप झाले. ऐन भाजणीचे दिवस, आणि त्या तोंडाने श्वास घेत कढईपुढे बसलेल्या. "विमल, मला काहीच कळत नाहीये गं," म्हणाल्या. त्यांचा चेहरा रडवेला झालेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. मला डॉक्टरांनी सर्दीसाठी दिलेली नाकात मारायची बाटली घरात होती. मी ती आणून दिली. दोन मिनिटांत त्यांचं नाक मोकळं झालं. डोळे मिटून त्या नुसत्या श्वास घेत राहिल्या. "अगं, हे इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतंस?"

मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

नाक पुढे बरं झालं, असंच मी समजत होते. एवढंच झालं की दर दिवाळीला त्या मला हाक मारू लागल्या. "विमल, ये गं जरा. वास घे आणि सांग, कसा येतोय? तू भाषेची बाई, तुला शब्द सापडतात." मी हात पुसत जायची. कढईवर वाकून म्हणायची, "अजून कच्चा आहे... आता गोडसर... हां, आता खोबऱ्यासारखा." त्या लगेच कढई उतरवायच्या आणि म्हणायच्या, "माझंही तेच म्हणणं होतं." शाळेतल्या मैत्रिणींना मी मोठ्या तोऱ्यात सांगायची की नलूताई माझं मत घेतल्याशिवाय भाजणी उतरवत नाहीत. अकरा वर्षं हे चाललं. उंबऱ्यात थांबून माझ्या स्वयंपाकावर बोलणं त्यांनी कधी बंद केलं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली एक दुपार. चार वाजले होते. त्यांचा डबा परत द्यायला मी दार उघडलं आणि जिन्यातच गॅसचा भपकारा आला. त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर नलूताई ओट्याशी उभ्या, चहाचं आधण शेगडीवर आणि हातात लायटर.

मी आयुष्यात तशी ओरडलेली नाही. "नलूताई! हात खाली घ्या! खाली!"

त्या वळल्या. चेहऱ्यावर भीती नाही, काही नाही. "का गं? काय झालं?"

मी लायटर हिसकावून घेतला, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्यांना दंडाला धरून जिन्यात आणून बसवलं. शेगडीची नळी सैल झाली होती, ती केव्हापासून गळत होती देव जाणे. "तुम्हाला वास आला नाही?" मी विचारलं. त्यावर कनवटीला हात घालून त्यांनी एक छोटी पांढरी बाटली काढली आणि माझ्यासमोर दोन्ही नाकपुड्यांत फुस्स, फुस्स केलं. इतक्या सराईतपणे, चष्मा पुसावा तसं.

"हे अजून घेता तुम्ही? केव्हापासून?"

"तू दिलीस तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "नाहीतर श्वासच येत नाही."

"आणि वास?"

"कधी येतो, कधी नाही. हल्ली नाहीच म्हण ना. म्हणून तर तुला बोलवायची."

त्या दिवशी मी त्यांचं घर धुंडाळलं. बाटल्या देवघराच्या फळीवर होत्या, मिसळणाच्या डब्याशेजारी होत्या, उशीखाली होत्या. कपाटात फराळाचा जुना पत्र्याचा डबा उघडला तर तो रिकाम्या बाटल्यांनी काठोकाठ भरलेला. टाकल्या तर कचरा नेणारी बघेल, म्हणून साठवलेल्या. "अहो, एवढं औषध!" मी म्हणाले. त्यावर मला म्हणतात, "औषध कसलं गं? पोटात थोडंच जातंय?"

घरी येऊन मी माझी औषधांची फाइल काढली. तुम्हाला ठाऊक आहे, मी कुठलाही कागद टाकत नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या कप्प्यात त्या बाटलीचं माहितीपत्रक घडीसुद्धा न मोडता ठेवलेलं होतं. बारीक इंग्रजीत छापलेलं होतं की सलग काही दिवसांपेक्षा अधिक वापरू नये. नलूताईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मला येत होतं. बाटली त्यांना दिली आणि कागद नीट फाइलला लावून टाकला, का, तर पसारा नको.

दुसऱ्याच दिवशी आम्ही ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने लहान होत्या, पण बोलणं रोखठोक. "आजी, कुठली औषधं चालू आहेत?" त्यांनी विचारलं. "एकही नाही," नलूताई म्हणाल्या. मी पिशवी टेबलावर उपडी केली. डॉक्टरीणबाईंनी बाटल्यांकडे पाहिलं, मग नलूताईंकडे, आणि पहिली गोष्ट काय केली तर रक्तदाब मोजला. हे औषध पोटात न जाताही रक्तदाब वाढवतं म्हणे; तो चढलेलाच होता.

मग त्यांनी समजावून सांगितलं. "या औषधाने नाकातली सूज तेवढ्यापुरती आकसते. असर उतरला की पहिल्यापेक्षा जास्त फुगते. तुम्ही पुन्हा बाटली मारता. तुमची ती सर्दी केव्हाच गेली, आजी. आता नाक बंद होतंय ते या बाटलीनेच."

नलूताईंनी हे एकदा मनात घोळवलं. "म्हणजे जी दार उघडून देतेय, तीच बाहेरून कडी घालतेय?"

"अगदी तसंच. आता आधी उजव्या नाकपुडीत हे औषध बंद करायचं, मग डाव्या. दुसरा एक स्प्रे देते, मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. श्वास मोकळा होईल. वास किती परत येईल, ते मात्र मी आज सांगणार नाही."

गॅसचं ऐकून प्रशांत बेंगळुरूहून धावत आला. "आई, तू माझ्याकडे चल. इथे एकटीने शेगडी पेटवायची नाही."

"आणि भाजणी?"

"मला आई हवी आहे. भाजणी नको."

नलूताईंनी त्याच्याकडे गुढीपाडव्यापर्यंतची मुदत मागितली. "तोवर वास आला तर मी इथेच. नाही आला तर तू म्हणशील तिथे." तो कसाबसा कबूल झाला आणि शेगडी माझ्या ताब्यात देऊन गेला. त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे होऊ लागला.

उजवी नाकपुडी भिंत घातल्यासारखी बंद झाली. डोकं जड, घास गिळताना श्वास कोंडायचा, बसल्या जागी चिडचिड. मी मिठाचं कोमट पाणी घेऊन गेले की म्हणायच्या, "आली माझी जेलर." पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी माझा हात धरला. "एकच दे गं. उजवीकडे, एकदाच. कोणाला कळणार आहे?" मी नाही म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दिलीस तूच ना पहिल्यांदा?" मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि संध्याकाळ होईपर्यंत उठले नाही.

दुसऱ्या आठवड्यात उजवी बाजू मोकळी झाली, महिना सरताना डावी. पाडव्याला प्रशांत आला तेव्हा त्या तोंड मिटून, दोन्ही नाकपुड्यांनी श्वास घेत होत्या. तो खूश झाला. पण नलूताईंना परीक्षा हवी होती आणि ती त्यांनी स्वतःच ठरवली. "विमल, तू तांदूळ भाज. मी बाहेरच्या खोलीत पाठ करून बसते. सांगेन तेव्हा उतरव."

मी उलथनं फिरवत होते. ओल्या भिंतीचा वास आला, गेला. गोडसर झाला. मग खोबऱ्याचा आला. बाहेर शांतता. एकदा खोकले असते, उलथनं कढईवर आपटलं असतं, तरी त्यांना कळलं असतं आणि पुढची दिवाळी आम्ही दोघींनी मिळून निभावली असती. अकरा वर्षं मी नकळत तेच केलं होतं. मी हात तसाच फिरवत ठेवला. तांदूळ तांबूस झाला, करपट वास सुटला, तेव्हा बाहेरून आवाज आला, "आता उतरव."

"आला ना आईला वास? काकू, बरोबर ना?" प्रशांत म्हणाला. त्याला काय कळणार!

नलूताई आत आल्या. त्यांनी कढईत पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "बरोबर का गं?"

"नाही," मी म्हणाले. "उशीर झाला."

त्यांनी मान हलवली. मी घाईघाईने म्हणाले, "गॅस गळला की वाजणारा भोंगा मिळतो, तो लावू या. वास अजूनही येईल, डॉक्टरीणबाई नाही थोड्याच म्हणाल्यात." त्या म्हणाल्या, "भोंग्याला भाजणी कळते का? डबे घेऊन बायका येतात त्या माझ्या नाकावर विश्वास ठेवून. तूच उशीर झाला म्हणालीस, आता तूच मला थांबवू नकोस." आणि प्रशांतला सांगितलं, "तिकिटं काढ."

एप्रिलमध्ये त्यांना सोडायला मी कल्याणला गेले. गाडी उशिरा होती. फलाटावर सुक्या बोंबलांच्या पाट्या रचून ठेवल्या होत्या आणि आजूबाजूचे लोक नाकाला रुमाल लावून लांब सरकत होते. प्रशांतही म्हणाला, "आई, पुढे चल, इथे उभं राहवत नाही." नलूताई, ज्यांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे, त्या पाट्यांपाशी जाऊन थांबल्या. मान किंचित वर झाली. एक श्वास घेतला, मग दुसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"शी! केवढी घाण येतेय गं, विमल!" त्या म्हणाल्या, आणि गाडी लागेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.