काचेतली सवत

सयाजीकाका फौजेतून सुभेदार होऊन पलूसला परतले. बनूकाकीला वाटलं होतं, आता तरी नवरा आपल्या वाट्याला येईल. पण काकांनी येताना सिक्कीमहून कॅमेलिया नावाच्या फुलझाडाचं एक रोप आणलं होतं, आणि ते गेले त्याच्या वाट्याला.

कुपवाडच्या भंगारातून जुन्या खिडक्या आणून त्यांनी परसात काचेची खोली उभी केली. थंड डोंगरातलं झाड, त्याला इथलं ऊन आणि कोरडा वारा सोसत नाही. उन्हाळ्यात काचांवर ओली पोती, प्यायला पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी. झाड एकीकडं कलू नये म्हणून कुंडी रोज थोडी फिरवायची. काकीचा गुडघा वर्षभर दुखत होता, तो काकांना कधी दिसला नाही. पानावरचा ठिपका मात्र चष्म्याशिवाय दिसायचा.

"सवत आणलीया फौजेतनं," काकी आम्हां शेजाऱ्यांना सांगायची. आम्ही हसायचो, ती हसायची नाही. तिचा खरोखर जळफळाट व्हायचा. एवढं करून दर हिवाळ्यात कळ्या धरायच्या आणि न फुलताच गळून पडायच्या. त्या दिवशी काका जेवायचे नाहीत आणि काकी दोन घास जास्त खायची.

यंदा काकांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. तपासणीला सोपं म्हणून ते सांगलीला मुलीकडं, सृष्टीकडं राहिले. ऊसतोड चालू होती, म्हणून काकी मागं थांबली. जाताना काकांनी झाडाच्या सूचना पुन्हा पुन्हा दिल्या. काकीनं मनात ठरवलं, वाळू दे मेली.

पण दुसऱ्याच दिवशी तिच्या डोक्यात वेगळंच आलं. यांना इतक्या वर्षांत जमलं नाही, ते आपण करून दाखवलं तर? मग ती झाडाचं सगळं वेळेवर करू लागली. कुंडी तेवढी फिरवली नाही, कारण गुडघ्यामुळं ती हलवणं जमेना. काकांचं ते रोजचं फिरवणंच कळ्यांना बाधत होतं, हे नंतर एका नर्सरीवाल्यानं सांगितलं. कळ्या टिकल्या. एका सकाळी लालभडक फूल उमललं आणि काकी दिवसभर तिथं स्टूल टाकून बसली. फोनवर काकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "हाय तशीच हाय कळी." फोन ठेवून मला म्हणाली, "कशापायी सांगू? लगेच पळत येतील."

काका परतले ते एका डोळ्यावर पट्टी बांधून. सोबत त्यांचा मित्र आकाराम होता. त्यानं काचेतून फूल पाहिलं. "सुभेदार, फुलवलंस की गड्या."

काकी काचेच्या खोलीच्या दारात उभी होती, ती हलली नाही. "तुमी फौजेत होता तवा ऊस मी जगवला," ती काकांना म्हणाली. "लोक म्हणत्यात सुभेदाराचा ऊस. पोरगी मी वाढवली, ती सुभेदाराची पोरगी. ह्ये फूल माझं हाय."

आकाराम खाली बघू लागला. काकांनी पायातल्या चपला काढल्या.

"बनू, आत येऊ का?"

काकीनं त्यांच्या डोळ्यावरच्या पट्टीकडं बघितलं.

"पट्टी निघू द्या, मग बघू. आकारामभावजी, तुमी या."