वर मतमोजणी, खाली पिक्चर

आमच्या केबलवरच्या निवडणुकांचे किस्से म्हणजे लग्नघरातली खरकटी भांडी. एक घासायला घ्यावं तर मागे ढीग लागलेलाच! मैत्रिणी म्हणतात, "सांग ना गं, तू टीव्हीवर होतीस!" मी सांगते, त्या हसून लोळतात. माझी मात्र प्रत्येक वेळी कानशिलं तापतात.

तर, पाटोद्यात काशिनाथअप्पांचं भांड्यांचं दुकान होतं आणि गावातलं केबलही त्यांचंच. दुकानाच्या वरच्या खोलीत मांडवाचा निळा पडदा, एक टेबल, एक खुर्ची. हा आमचा स्टुडिओ! खाली गल्ल्याशेजारी व्हीसीआर आणि केबलचं मशीन. वर कॅमेऱ्यासमोर तुम्ही काहीही वाचा, अप्पा खाली कुठलं बटण दाबतात त्यावर गावाला काय दिसणार ते ठरायचं.

त्या वर्षांत लोकसभा टिकतच नव्हती. उरूस यावा तशी निवडणूक यायची. मी नुकतीच बी.ए. झालेली, तीही राज्यशास्त्र घेऊन. मला एकच हवं होतं. आपल्या मतदारसंघाचा निकाल आपल्या तोंडाने गावाला सांगायचा. बास!

माझ्या वडिलांना अप्पांनीच पटवलं. "मास्तर, पोरीचा आवाज लई चांगला हाय. गडीमाणूस बातम्या वाचाया बसला की लोक तंबाकू मळाया उठत्यात!"

*

मी पहिल्यापासून दचकणारी. कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धडधडतं. पहिल्या दिवशी मी "नमस्कार, ठळक बातम्या" म्हणते न म्हणते तोच खाली दुकानात पितळी परात पडली. धडाम्! मी "आई गं!" करून जी उडाले, ती खुर्चीसकट आडवी.

कॅमेऱ्यावर जब्बारभाई. मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा. त्यांनी कॅमेरा बंदच केला नाही! मी उठून विचारलं, "अहो, थांबवायचं ना?"

"मॅडम, रडणारी नवरी आणि पडणारा माणूस, हे आमी कधी कट करत नसतो."

इथवर ठीक. पण अप्पांनी तो तुकडा वेगळ्या कॅसेटवर घेतला आणि रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी लावायला सुरुवात केली. परात, "आई गं!", खुर्ची पालथी, मग बातम्या. स्टँडवर मी दिसले की पोरं तोंडं फिरवून "आई गं!" ओरडायची. मी रडत अप्पांकडे गेले.

"अगं, फेमस झालीस की! रडती कावून?"

*

तेव्हा निकालाच्या दिवशी दिल्लीचं सरकारी चॅनल एक अजब काम करायचं. दिवसभर पिक्चर लावायचं आणि मधेच तोडून निकाल सांगायचं. हिरोने व्हिलनची कॉलर धरली की खट्! सूटवाले गृहस्थ, "आता पाहू या इतर राज्यांतले कल."

लोक दुकानात येऊन अप्पांशी भांडू लागले. अप्पांनी तोडगा काढला. निकाल कॅसेटवर भरून ठेवायचे आणि पिक्चर संपल्यावर सगळे एकदम दाखवायचे!

मी म्हटलं, "अप्पा, आकडे शिळे होतील."

"शिळे व्हाया ती काय भाजी हाय?"

आमच्याकडे साहेब आणि गुरुजी अशी समोरासमोर लढत होती. सकाळी गुरुजी पुढे होते. पिक्चर संपेपर्यंत ते मागे पडून चक्क हरलेही होते. आमच्या केबलवर मात्र ते मोठ्या रुबाबात आघाडीवर! गुरुजींच्या लोकांनी गुलाल काढला, बँड बोलावला, नाचत नाचत चौकात आले. तेवढ्यात बीडची एसटी येऊन थांबली. खिडकीतून एकाने डोकं बाहेर काढलं.

"नाचता कावून बे? गुरुजी पडले की!"

सगळे गुलालाने माखलेले, जागच्या जागी थिजलेले. शेवटी बँडवाल्याने विचारलं, "मग आता कोन्तं वाजवू?"

ती सगळी गर्दी दुकानावर आली. अप्पांनी हात जोडले आणि वर बोट दाखवलं. "मालक, मी भांडीवाला. बातम्या मॅडम वाचत्यात!"

*

पुढच्या निवडणुकीला पुन्हा तेच दोघे. या वेळी अप्पांना दिल्लीसारखे ग्राफिक हवे होते. जब्बारभाईंच्या मिक्सिंग मशीनमध्ये होतं काय? बदाम, गुलाब, फुलपाखरू आणि कबुतरांची जोडी! साहेबांचा फोटो बदामातून उगवला. दोन फोटो शेजारी शेजारी बसवायची चौकट एकच होती. तिला वर तोरण, खाली हार. साहेब आणि गुरुजी, मधे कबुतरं, आणि पडद्यामागून माझा आवाज, "अटीतटीची लढत!"

साहेबांचे पुतणे भाऊसाहेब जीपमधून तडक दुकानात. "आमच्या साहेबांचं गुरुजींसंगं लगीन लावता का बे?"

जब्बारभाई शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, पुढं युती झाली तर हीच कॅसेट कामाला येईल."

भाऊसाहेब कुणावर भडकले? माझ्यावर! आवाज माझा होता ना. कबुतरांना कोण बोलणार?

*

मग चर्चा आली. दिल्लीला तज्ज्ञ बसतात म्हणून आमच्याकडेही बसले. खतवाले, रस्त्यांची कंत्राटं घेणारे एक गुत्तेदार आणि निवृत्त हेडमास्तर. त्या खोलीत राज्यशास्त्र शिकलेली एकटी मी. मला खुर्ची नव्हती! खतवाले म्हणाले, "लाट आहे." गुत्तेदार म्हणाले, "जबरदस्त लाट आहे." हेडमास्तरांनी डोळे मिटून मान हलवली.

मला राहवेना. पडद्याआडून विचारलं, "पण कुणाची लाट?"

 जिन्यातून अप्पांचा आवाज आला, तोही थेट प्रक्षेपणात, "मॅडम, चहाचं बघा जरा!"

 मी चरफडत टेबलावर कप ठेवला. गावाला माझा तेवढा एक हात दिसला. घरी गेले तर आई विचारते, "बशी नव्हती का गं त्यांच्याकडं?"

*

मतदानाच्या संध्याकाळी आम्ही एका धनगर वस्तीवर गेलो. लोकांचा कल घ्यायला! एक मावशी मेंढरं वाड्यात घालत होत्या. मी माइक पुढे केला की त्यांचा नवरा बोलायचा. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. मी म्हटलं, "काका, मी मावशींना विचारतेय."

मावशींनी कोकरू काखेत घेतलं, माइककडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माजं मत म्या पेटीत घातलंय. आता ते टीव्हीत कावून घालू?"

अख्ख्या निवडणुकीत मी ऐकलेलं सगळ्यात शहाणं वाक्य! रात्री केबलवर लावलं तेव्हा फक्त काका होते.

मी अप्पांना जाब विचारला. "बाई काय बोललीच न्हाई की," अप्पा म्हणाले. "लाटेचं तर काय सांगितलंच न्हाई!"

*

आणि मग त्या मतमोजणीचा दिवस.

दुपारी बीडहून अप्पांच्या मेहुण्यांचा फोन आला. मीच उचलला. निकाल जाहीर झाला होता. गुरुजी निवडून आले होते! खाली गल्ल्याशेजारी स्टुलावर भाऊसाहेब बसलेले. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"मॅडम, साहेब आघाडीवर हायेत असं वाचा."

"पण निकाल जाहीर झालाय."

"बीडात झालाय. पाटोद्यात उद्या करा. आमची पोरं गुलाल घेऊन बसलीत. त्यांचा आजचा दिस कशाला नासवता?"

  मी म्हटलं, "मी खोटं वाचणार नाही."

अप्पांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मऊ आवाजात म्हणाले, "जा वर. खरं हाय तेच वाच."

मी जिना धावत चढले. पदर नीट केला. जब्बारभाईंनी बोट वर केलं. मी वाचायला लागले आणि आवाज कापला नाही! आपला जिल्हा, आपला मतदारसंघ, विजयी उमेदवार...

खालून आवाज आला. धडाम्! आणि पाठोपाठ, "आई गं!"

माझाच आवाज. तो दुकानातल्या टीव्हीतून आला. मग समोरच्या हॉटेलातून, मग मागच्या गल्लीतून. घराघरांत मी खुर्चीसकट पडत होते आणि लोक हसत होते. अप्पांनी कॅसेटचं बटण दाबलं होतं. मी निकाल वाचत होते तो निळ्या पडद्याला!

जिना कशी उतरले ते आठवत नाही. भाऊसाहेब मांडीवर थाप मारून हसत होते. अप्पांचा हात अजून बटणावर. "अगं, पिक्चरचा टाइम झालता म्हणून..."

दुकानाच्या दारात टांगलेली सगळ्यात मोठी पितळी परात मी ओढून काढली. दुसऱ्या हातात उलथणं घेतलं. पायरीवर उभी राहिले, चौकाकडे तोंड केलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून हाणलं.

हॉटेलातले लोक कप घेऊन बाहेर आले. एसटीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवली. माझ्या मागे अप्पा "आई गं!" करून गल्ल्यावरून असे उडाले की डब्यांची अख्खी उतरंड खाली आली.

तो खणखणाट थांबेपर्यंत मी थांबले. मग निकाल सांगितला. कोण जिंकलं, कोण हरलं, सगळा. ठळक बातम्यांच्या आवाजात.

 तेवढ्यात वरच्या गॅलरीतून जब्बारभाई कॅमेऱ्यासकट अर्धे बाहेर लोंबकळले आणि ओरडले,

"मॅडम, परात एकदा अजून वाजवा! अप्पा उडाले ते फोकसमध्ये न्हाई आलं!"