कापायच्या टेबलावरचा हिमालय

पडदे शिवणाऱ्या त्या बाईला घरात सगळे मधली म्हणत. वर एक बहीण, खाली एक, आणि दोघींच्या भांडणात पडायला ही. तिघींनी मिळून हिमालय बघून यावा असं थोरलीनं काढलं, तेव्हाच मधलीनं धसका घेतला. प्रवासाचा नव्हे, तो ठरवण्याचा.

झालंही तसंच. मधलीच्या दुकानातलं कापायचं टेबल लांबरुंद, म्हणून दोघी रोज संध्याकाळी तिथेच ठाण मांडायच्या. थोरलीला देवळं हवी होती, तीही जितकी उंचावर तितकी बरी. धाकटीला तळी.

"तळ्यात काय बघायचं?" थोरली फणकारायची. "पाणीच ना? ते घरी नळाला येतं."

"आणि देव घरी नाही वाटतं?"

मधलीनं तोडगा म्हणून जुन्या राजवाड्याचं नाव काढलं, तर दोघी तिच्यावरच उलटल्या. तेवढ्यापुरतं काय ते त्यांचं एकमत. तेव्हापासून ती तोंडात टाचण्या धरून काम करू लागली. टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही.

एकदा एका सभागृहाचा मखमली पडदा टेबलावर होता. धाकटीनं त्यावरच नकाशा अंथरला, थोरलीनं तो आपल्याकडे खेचला, खालचं कापड सरकलं आणि चालती कात्री भलतीकडे गेली. पडदा वीतभर आखूड झाला.

मधलीनं टाचण्या काढून ठेवल्या. "उठा! डोक्याचा भुगा केलात माझ्या. मला तुमचा देव नको नि तळंही नको. चालत्या व्हा."

दोघी गुपचूप गेल्या. पडद्याला खाली झालर लावून तिनं वेळ निभावली आणि दुसऱ्या दिवशी ती, कुणाला न विचारता, एका तयार सहलीत तिघींची नावं घालून आली. थोडी देवळं, थोडी तळी, एक राजवाडा. दोघी कुरकुरल्या, पण आल्या.

पहिल्याच देवळाच्या चढावर थोरलीला धाप लागली. ती मटकन बसली आणि रडायलाच लागली. "राहिलं गं माझं देऊळ!"

"मग हट्ट कशाला केलास?" असं ओरडत धाकटीनंच तिला काखेत हात घालून उठवलं आणि वर न्यायला सुरुवात केली. दर पायरीला वाद.

मधली चपला सांभाळत खाली बाकावर बसली. ऊन छान होतं, चहा गरम होता, आणि वरून दोघींचे आवाज अख्ख्या डोंगरात घुमत होते.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "त्या तुमच्याबरोबरच्या का?"

"नाही हो," मधली म्हणाली आणि चहाचा घोट घेतला.