दोन गुणांचा प्रश्न

कुठल्याही बाटलीचं बूच काढलं की ती ते टेबलावर उलटं ठेवते. घरी डब्यांची झाकणंही तशीच.

कशाचाही वास घ्यायचा तर नाक जवळ नेत नाही. लांबूनच हाताने हवा आपल्याकडे ओढते. चहाचासुद्धा.

काडी विझली तरी पाण्यात बुडवून मगच टाकते.

धुतलेली परीक्षानळी खिडकीसमोर धरून एक डोळा मिटते. डाग दिसला तर नळीला "काय बाई" म्हणते आणि पुन्हा धुते.

बसण्याआधी "चला" म्हणते. उठण्याआधीही "चला". जायचं कुठेच नसतं.

ऐन उन्हाळ्यातही तिच्या निळ्या कोटाच्या डाव्या बाहीचं बटण मनगटापाशी लावलेलं असतं. उजवी बाही मात्र कोपरापर्यंत दुमडलेली.

हे सगळं मी दोन वर्षं पाहत होते. शेवटच्या सवयीचं कारण कधी विचारलं नाही.

शाळेत तिला लिटमसमावशी म्हणतात. हे नाव कुठल्यातरी जुन्या वर्गाने ठेवलं. तिला ते आवडतं की नाही कळत नाही, पण हाकेला ओ देते. कागदोपत्री ती शिपाई. सहा वर्षांपूर्वी प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. किल्ल्या मावशीकडे आल्या. काम किल्ल्यांबरोबर आलं. पगार मात्र शिपायाचाच राहिला.

मी साहित्यात पदवी घेतली आणि त्या शाळेच्या ग्रंथालयात हंगामी म्हणून लागले. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक दार आहे. नळ तिकडे, खुर्च्या इकडे. त्यामुळे चहा कधी तिच्याकडे व्हायचा, कधी माझ्याकडे. पहिल्याच आठवड्यात तिने माझं शिक्षण विचारून घेतलं आणि तेव्हापासून मला कादंबरी म्हणायला लागली. "काय कादंबरी, आज किती पानं झाली?" मी कपाटं पुसत असले तरी हाच प्रश्न.

गेल्या वर्षी मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून घेतलं. सहायकाची जागा भरायचा हुकूम आला होता. जागा मावशीला द्यायला त्यांची हरकत नव्हती, पण नियमाप्रमाणे उमेदवार माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण हवा. मावशीचे बाकीचे विषय कधीच सुटले होते. एक सामान्य विज्ञान तेवढं राहिलं होतं. पाच वेळा बसली, पाचही वेळा नापास. आता एकच परीक्षा हातात होती. त्यात पास झाली तर जागा तिची. नाहीतर नवा माणूस येणार आणि मावशी फाटकावर. फाटकावर म्हणजे दिवसभर उभं राहणं, येणाऱ्याजाणाऱ्याची वही, आणि पाण्याच्या टाक्या. तिचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते.

ती चहा घेऊन माझ्याकडे आली. "चला" म्हणून बसली. 

"मला करता येतं," ती म्हणाली. "तुला लिहिता येतं. काहीतरी कर."

मला विज्ञानातलं फारसं कळत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तेच बरं, कळणाऱ्यांनी आतापर्यंत पाच वेळा शिकवून झालंय.

ती नापास का होते, ते मला दोन दिवसांत कळलं. ती जे होतं ते लिहायची. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशीत काय काय दिसतं, या प्रश्नाला तिचं उत्तर होतं: भिंती दिसतात, केंद्रक दिसत नाही, मुले दिसले असे म्हणतात. बर्फ किती अंशाला वितळतो? दोन अंशाला, आपल्या तापमापीवर. मोरचुदाचे निळे स्फटिक तापवल्यावर काय होते? पांढरे पडतात, पण बाटलीचे बूच सैल असल्याने निम्मे आधीच पांढरे असतात.

मी हसले. ती हसली नाही.

"खोटं आहे का यात काही?"

खोटं काहीच नव्हतं. शाळेचा सूक्ष्मदर्शक जुना आहे, तापमापी चुकीची आहे, बूच सैल आहे. पण प्रश्न आपल्या शाळेबद्दल नसतो, हे मी तिला समजावत राहिले. प्रश्न पुस्तकातल्या कांद्याबद्दल असतो. त्या कांद्यात केंद्रक असतंच. ती ऐकून घ्यायची. मग एकदा म्हणाली, "म्हणजे बघायचं नाही." मी हो म्हणाले. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

सात महिने आम्ही मधल्या सुट्टीत बसलो. शाळा सुटल्यावर ती नळ्या धुवायची आणि मी मोठ्याने वाचायचे. जीवशास्त्र तिला चालायचं. रसायनशास्त्र तर तिच्या हातात होतं. भौतिकशास्त्राची गणितं पाहिली की ती जांभया द्यायची. पण लंबक, भिंग, आरसा हे ती दरवर्षी मांडून देते, त्यामुळे तिथले गुण पक्के, असा आमचा हिशोब होता. घरी तिचा नवरा तिला प्रश्न विचारायचा. तो कुलपं दुरुस्त करतो. त्याचंही शिक्षण अर्धवट आहे, पण परीक्षक व्हायला त्याला फार आवडायचं. गतीचा तिसरा नियम त्याने तिला स्वतःच्या शब्दांत शिकवला. मी एक बोललो की तू एक बोलतेस. फक्त आपल्याकडे ते समान नसतं. हे मला तिनेच सांगितलं, चेहऱ्यावर काही न आणता.

हळूहळू ती पुस्तकासारखं लिहायला लागली. पण उत्तरं फार तोकडी. चार गुणांना दीड ओळ. मी चिडले. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मी तिला म्हणाले, परीक्षक तुम्हाला ओळखत नाही. तो कधी आपल्या प्रयोगशाळेत आलेला नाही. समोरच्याला यातलं काहीच माहीत नाही असं धरा, आणि मला सांगता तसं सगळं सांगा.

तिने ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. काहीच माहीत नाही असं धरणे.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर केंद्रावर गेले. दुसरीच शाळा होती. तिच्या रांगेतली मुलं तिच्या मुलीपेक्षाही लहान. त्यांतल्या दोघींनी तिला पर्यवेक्षक समजून नमस्कार केला. तिने तो घेतला आणि त्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसली.

तीन तासांनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. पेपर कसा गेला, ते मी विचारलं. "लिहिला," म्हणाली. घरी जाताना तिने कोटाची डावी बाही वर केली होती. मी ते पाहिलं. विचारावंसं वाटलं नाही, कारण ती चालताना डोळे मिटत होती.

निकाल आला. शंभरपैकी बत्तीस. पस्तीस लागतात.

माझा विश्वास बसेना. मीच हट्टाने उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज भरला. मावशीने सही केली, न वाचता. बेरीज चुकली असेल, एखादं पान तपासायचं राहिलं असेल, असं मला वाटत होतं. छायाप्रत शाळेच्या पत्त्यावर आली. मावशी पाण्याच्या टाकीपाशी होती म्हणून मीच उघडली.

बेरीज बरोबर होती. जीवशास्त्र बारा. कांद्यात केंद्रक होतं. रसायनशास्त्र चौदा. भौतिकशास्त्र सहा, कारण ते जवळजवळ लिहिलंच नव्हतं. लंबकाचा प्रश्न कोरा. आरशाचा कोरा. भिंगाच्या प्रश्नाला "दिलेले:" एवढाच शब्द.

वेळ कुठे गेला, ते मधे होतं. रसायनशास्त्रात एक प्रश्न होता, कारण लिहा. तीव्र आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात ओततात, पाणी आम्लात ओतत नाहीत. गुण दोन.

तिने लिहिलं होतं:

"आम्ल आणि पाणी एकत्र आले की फार उष्णता बाहेर पडते. पाणी भरपूर असेल आणि आम्ल थोडे थोडे ओतले तर ती उष्णता पाणी सोसते. पाणी वरून ओतले तर ते पडल्या पडल्या उकळते आणि आम्लाला घेऊन वर उडते."

इथे लाल खूण होती. दोन गुण. पूर्ण.

त्यापुढे तीन पानं होती.

"हे मला तेव्हा माहीत नव्हते. नोकरीचा तिसरा आठवडा होता. विज्ञानाचे सर तासाला निघाले होते. जाता जाता म्हणाले, ते पातळ करून ठेवा. घरी काही घट्ट झाले तर आपण त्यात पाणी घालतो. सगळेच घालतात. मी पाणी घातले. आधी आवाज आला. तापलेल्या तव्यावर पाणी पडते तसा. मग माझा डावा हात माझा नाही असे वाटले. मी हात नळाखाली धरला. किती वेळ धरायचा ते माहीत नव्हते म्हणून मोजत राहिले. चारशेपर्यंत मोजले तेव्हा सर आले."

दुसऱ्या पानावर दवाखाना होता, आणि लहान मुलीला एका हाताने अंघोळ घालणं. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती आणि पट्टीला हात लावायची. तिसऱ्या पानावर हे होतं:

"नंतर एक कागद आला. कर्मचाऱ्याने सूचना पाळली नाही असे त्यात लिहिले होते. कोणती सूचना ते लिहिले नव्हते. मी सही केली. नोकरी नवीन होती. एकोणीस वर्षे झाली. असे का झाले हे मला कुणी विचारले नाही. या प्रश्नपत्रिकेत प्रथमच विचारले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे."

त्या तीन पानांवर लाल शाईचा एक ठिपकाही नव्हता.

मी पदवीसाठी पुष्कळ वाचलं आहे. ती पानं मी तीनदा वाचली आणि मग कपाटांमध्ये जाऊन उभी राहिले.

ती आली तेव्हा मी कागद तिच्यासमोर ठेवले. तिने आधी हात कोटाला पुसले. लाल खूण कुठे आहे ते पाहिलं.

"मावशी, तिसऱ्या ओळीतच उत्तर झालं होतं."

"माहीत आहे."

"मग थांबला का नाहीत?"

"तूच म्हणाली होतीस, समोरच्याला काहीच माहीत नाही असं धरायचं." माझा चेहरा पाहून तिने मान हलवली. "नाही गं, तुझ्यावर ढकलत नाही. मला थांबताच येईना. घड्याळाकडे बघितलं तेव्हा पंधरा मिनिटं उरली होती."

मी पुढच्या परीक्षेचं बोलले. मुख्याध्यापिकांना ही पानं दाखवू या म्हणाले. ते सर, तो कागद, कुठेतरी नोंद असेल. ती माझं सगळं ऐकत होती आणि छायाप्रतीची घडी घालत होती.

"ते सर गेले पण," ती म्हणाली. "आणि आता दाखवून काय, हात नवा येणार आहे?" मग घडीवर नख ओढून, "विचारलं होतं, सांगितलं. झालं. दमले गं मी, कादंबरी."

घडी तिने कोटाच्या खिशात ठेवली. नवऱ्याला दाखवली की नाही, मला माहीत नाही.

एक तारखेपासून ती फाटकावर आहे. तिथे एक लोखंडी स्टूल आहे, पण गाडी आली की उठावं लागतं. दिवसातून चाळीसदा "चला" होतं. मी सकाळी वहीत सही करते तेव्हा ती किती पानं झाली ते विचारते. 

प्रयोगशाळेत नवा सहायक आला आहे. माणूस वाईट नाही. बुचं सुलटी ठेवतो. परवा तो मधल्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, जरा बघता का.

शेवटच्या महिन्यात मावशीने बाटल्यांची नवी लेबलं करायला घेतली होती. जुन्यांवरची शाई आम्लाच्या वाफेने उडाली होती. एक जुनं काढायचं, नवं चिकटवायचं, वाळलं की मगच पुढची बाटली. दोन बाटल्या एका वेळी बिननावाच्या राहता कामा नयेत, हा तिचा नियम. वरच्या दोन फळ्या झाल्या होत्या. तिसऱ्या फळीवर सात झाल्या होत्या. उरलेल्या अकरा बाटल्यांवर पिवळे कागद आहेत, वाचता न येणारे.

खणात अकरा नवी लेबलं होती. तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेली, वजनाच्या मापाखाली दाबून ठेवलेली. कुठलं कुठल्या बाटलीचं, ते मावशीलाच ठाऊक. बाजूला वाटीत डिंक होता. त्यात ब्रश उभा होता, वाळून घट्ट झालेला.